मुखवटा कोणाचा?

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे देवदिवाळीला, सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला सिद्धनाथ आणि जोगेश्वरी यांचा रथ निघतो. या उत्सवाची सुरुवात दिवाळीच्या पाडव्याला होते. त्या दिवशी घट बसतात आणि उभे नवरात्र सुरू होते. ते धरणारी माणसे तुळशीच्या लग्नापर्यंत खाली बसत नाहीत. पुढे देवाचे लग्न लागते आणि देवदिवाळीला वरात निघते, ती ही रथयात्रा. माण, खटाव, आटपाडी, सांगोला, जत आणि पलीकडे कर्नाटक, जिथे जिथे सिद्धनाथ घरचे कुलदैवत आहे तिथून लोक येतात. सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली या पट्ट्यातली कुटुंबेही यात्रेला गाव गाठतात. रथावर गुलाल-खोबऱ्याची उधळण होते आणि ‘नाथबाबाच्या नावानं चांगभलं’चा गजर उठतो. रथ लाकडाचा आहे. पण त्याचे लाकूड कोणते, कोरीवकाम कोणत्या शैलीचे, बाजारात त्याची किंमत काय, असल्या गोष्टींची चर्चा त्या दिवशी होत नाही. बोलणे चालते ते मान कोणाचा आणि यंदाचे सालकरी कोण, याबद्दल.

याच सातारा जिल्ह्यात, कऱ्हाड तालुक्यातल्या पाल गावी, पौष महिन्यात खंडोबा आणि म्हाळसा यांचे लग्न लागते. तारळी नदीच्या दोन्ही काठांवर भंडाऱ्याने पिवळा झालेला जनसमुदाय उभा असतो. गोरज मुहूर्तावर देवाला बोहल्यावर न्यायचे असते. देव जातो तो मुखवट्याच्या रूपाने, आणि हे मुखवटे मानकरी आपल्या पोटाशी बांधून घेतो. पूर्वी ही मिरवणूक हत्तीवरून जात असे, आता रथातून जाते. वाहन बदलले, तरी मुखवटा माणसाच्या अंगाशीच राहिला. तेवढ्या वेळापुरता तो माणूस एखाद्या घरचा कर्ता किंवा शेतकरी उरत नाही. देव एका जागेहून दुसऱ्या जागी जाण्याची वाट होतो. भंडारा उधळला जातो तो त्याच्या अंगावर, पण त्याला नव्हे. हे त्याला ठाऊक असते आणि गर्दीलाही.

या दोन यात्रांपाशी एक प्रश्न ठेवून पाहावासा वाटतो. विधीतला मुखवटा कोणाचा असतो? ज्याने घडवला त्याचा? ज्याने पैसे मोजले त्याचा? ज्याच्या कपाटात किंवा संग्रहालयात तो सुरक्षित आहे त्याचा? की तो ठरलेल्या दिवशी उचलण्याचे बंधन ज्याच्यावर आहे, त्याचा? माझे मत शेवटच्या उत्तराच्या बाजूने आहे. मुखवट्यावर हक्क सांगायचा तर आधी त्याचे ओझे उचलावे लागते. हे म्हणणे भाबडे नाही. त्यातून संग्रहालये, कायदा, बाजार आणि खुद्द आपली परंपरा या चौघांनाही काही अवघड प्रश्न विचारता येतात.

हा प्रश्न जगात सर्वांत तीव्रपणे विचारला गेला तो आफ्रिकेतल्या मुखवट्यांच्या निमित्ताने. काँगोच्या कसाई प्रदेशात कुबा लोकांचे राज्य आहे. सतराव्या शतकात श्याम नावाच्या राजाने त्याची घडी बसवली, असे त्यांचा मौखिक इतिहास सांगतो. राजधानी न्शेंग. राफिया ताडाच्या धाग्यांचे विणकाम, लाकडावरचे भौमितिक कोरीवकाम आणि मुखवटे यांसाठी कुबा जगभर ओळखले जातात. त्यांच्या मुखवट्यांत तीन प्रमुख. पहिला म्वाश अम्बोय, राजसत्तेचा. वूट या आदिपुरुषाशी आणि राजाशी त्याचे नाते. दुसरा न्गादी म्वाश हा स्त्रीचा. लाकडात कोरलेल्या या चेहऱ्यावर काळ्या-पांढऱ्या त्रिकोणांची नक्षी असते आणि डोळ्यांखालून गालांवर उतरणाऱ्या रेषा असतात. त्या रेषा अश्रूंच्या मानल्या जातात. तिसरा ब्वूम. एकाच ओंडक्यातून कोरलेला, डोक्यावर शिरस्त्राणासारखा चढवायचा, पुढे आलेल्या भव्य कपाळाचा. त्यावर तांब्याचे पत्रे, मणी, कवड्या. तो सामान्य रयतेचा, काही कथांत बंडखोराचा. हे तिघे एकत्र येतात तेव्हा राजा, स्त्री आणि प्रजा यांच्यातला ताण नाचातून उभा राहतो. मुलांना वयात आणण्याच्या दीक्षाविधीत आणि मानाच्या माणसांच्या अंत्यविधीत हे मुखवटे येतात. त्यांच्यासोबत अंगभर पोशाख असतो, ढोल असतो, ठरलेली पावले असतात. लाकडी चेहरा हा त्या सगळ्याचा एक भाग.

युरोपात पोहोचला तो हा एवढाच भाग. तो कोणत्या काळात पोहोचला, हेही विसरता येत नाही. १८८५ ते १९०८ या काळात काँगो ही बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची जवळजवळ खासगी मालमत्ता होती. रबरासाठी तिथल्या लोकांवर झालेले अत्याचार आता जगजाहीर आहेत. १८९७ साली ब्रसेल्सच्या प्रदर्शनासाठी काँगोतून २६७ माणसे आणून शहराजवळच्या तेरव्यूरेनला लोकांना ‘पाहण्यासाठी’ ठेवली गेली. त्यांतली सात तिथेच मेली. त्याच प्रदर्शनातून तेरव्यूरेनचे आफ्रिकेचे संग्रहालय उभे राहिले. विल्यम शेपर्ड हा कृष्णवर्णीय अमेरिकी मिशनरी १८९२ साली न्शेंगला पोहोचला होता. त्याने कुबा वस्तू जमवल्या आणि पुढे कसाईतल्या रबर कंपनीच्या जुलमाविरुद्ध लिहिलेही. कंपनीने त्याच्यावर बदनामीचा खटला भरला. १९०९ मध्ये तो निर्दोष सुटला. त्याच सुमारास एमिल तोर्दाय हा हंगेरियन संशोधक ब्रिटिश म्युझियमसाठी कुबा प्रदेशात वस्तू गोळा करत होता. शेपर्ड आणि तोर्दाय यांना कुबांबद्दल खरा आदर होता, यात शंका नाही. तरीही ज्या वर्षांत माणसांकडून सक्तीने रबर घेतले जात होते, त्याच वर्षांत त्यांच्या पवित्र वस्तू युरोपच्या दालनांत जमा होत होत्या. ज्याच्या दारात बंदूक उभी आहे, त्याने वस्तू विकली की दिली की सोडली, हा भेद कागदावर कितीही नीट मांडला तरी डळमळीतच राहतो.

दालनात पोहोचल्यावर मुखवट्याचे काय होते? त्याच्यावर दिवा पडतो, त्याला क्रमांक मिळतो. खाली चिठ्ठी लागते: जमात, प्रदेश, अंदाजे काळ, लाकूड, कवड्या, रंग. कलाकाराच्या जागी ‘अज्ञात’. हा कलाकार अज्ञात का? न्शेंगच्या आसपास त्याला ओळखणारे शेकडो लोक होते. त्याने कोणासाठी कोरले, कोणाच्या अंत्ययात्रेत तो चेहरा नाचला, हेही सांगणारे होते. ज्याने मुखवटा उचलून नेला त्याने विचारले नाही, किंवा विचारून लिहून ठेवले नाही, म्हणून तो अज्ञात झाला. पॅरिसच्या त्रोकादेरोच्या संग्रहालयात १९०७ च्या सुमारास असेच आफ्रिकी मुखवटे पाहून पिकासो हादरला आणि युरोपच्या चित्रकलेने वळण घेतले, हे आपण आदराने शिकतो. पिकासोच्या एकेका रेषेवर ग्रंथ लिहिले गेले. ती रेषा ज्यांच्या हातांनी आधी लाकडात उतरवली, त्यांची नावे लिहिण्याचे कष्ट त्या काळी कोणी घेतले नाहीत.

आता आपल्या घरात डोकावू. लाकडी मुखवट्यांची जिवंत परंपरा महाराष्ट्रात आजही आहे. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागांत आणि नाशिककडच्या पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या डोंगरपट्ट्यांत चैत्र-वैशाखात बोहाडा होतो. काही ठिकाणी त्याला भोवाडा म्हणतात. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर अशा समाजांचा हा उत्सव. पेरणीची कामे सुरू होण्याआधीच्या या रात्री संबळ आणि सनईच्या सुरांत जागतात. आधी गणपती येतो, सरस्वती येते. मग नरसिंह, रावण, त्राटिका, वेताळ, भीम, महिषासुर. एकेक सोंग उजेडात येते, नाचते, मागे सरते. शेवटी देवी आणि असुराची झुंज. देवाच्या आणि दैत्याच्या दोन्ही मुखवट्यांना इथे मान आहे, कारण दोघांशिवाय खेळ पुरा होत नाही. अनेक गावांत कोणते सोंग कोणत्या घराण्याचे, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. नरसिंहाचे सोंग ज्या घरात आहे त्या घरातल्या कोणाला तरी ते घ्यावेच लागते. पोरगा वापीला किंवा नाशिकला कारखान्यात कामाला असला, तरी त्या रात्रीसाठी त्याने गावी यावे, अशी अपेक्षा असते. लाकडाचे ओझे मानेवर, उन्हाळ्याची रात्र, समोरचे दिसावे म्हणून ठेवलेली छोटीशी फट, आणि तशात ठेका न चुकवता नाचायचे.

यातले जुने मुखवटे लाकडाचे. पुढे कागदाचा लगदा आला. तो हलका, स्वस्त आणि घडवायला सोपा. काही रसिक यावर हळहळतात आणि मूळ परंपरा गेली असे म्हणतात. मला ही हळहळ उसनी वाटते. गावाने विचारलेला प्रश्न वेगळा होता: यंदा सोंग निघणार की नाही? लाकूड मिळेना, कोरणारा हात थकला, तर लगदा घ्यायचा आणि सोंग काढायचे. चेहरा टिकला, नाच टिकला, घराण्याचे बंधन टिकले. पदार्थ बदलला.

आपल्या बहुजन घरांतल्या देवघरांचेही असेच असते. खंडोबा, बिरोबा, जोतिबा, सिद्धनाथ, भवानी यांचे टाक अनेक घरांत पुजले जातात. वर्षानुवर्षे हळद-कुंकू, दूध, पाणी लागून टाकावरचा चेहरा झिजतो, सपाट होतो. मग तो सोनाराकडे नव्याने घडवला जातो आणि क्षेत्राच्या ठिकाणी देवाच्या भेटीला नेऊन पुन्हा देवघरात बसतो. जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला झिजलेला टाक मोलाचा. त्या घराला चालती पूजा मोलाची. झिजणे हा तिथे अपघात नाही. किती हातांनी त्याला स्पर्श केला, याचा तो पुरावा आहे.

आपला कायदा मात्र व्यापाऱ्याच्या बाजूने विचार करतो. पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम १९७२ चा. वस्तू शंभर वर्षे जुनी असेल तर ती पुरावशेष. हस्तलिखिते वगैरेंसाठी मर्यादा पंचाहत्तर वर्षांची. चोरी आणि तस्करी थांबवायला हा कायदा हवाच. पण दर पिढीत नव्याने घडणारा मुखवटा या मोजपट्टीत कधीच बसणार नाही. जी परंपरा सर्वांत जोमाने जगते आहे, तीच कायद्याच्या नजरेत सर्वांत कमी वयाची ठरते. ती मेली, तिचा शेवटचा मुखवटा कोठे माळ्यावर शंभर वर्षे पडून राहिला, की मग त्याला संरक्षण! ही उलटी रीत आहे.

दुसरा एक कायदा मात्र योग्य जागी पाहतो. अनुसूचित क्षेत्रांसाठीचा १९९६ चा पेसा कायदा. लोकांच्या प्रथा-परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्यास ग्रामसभा सक्षम आहे, असे तो स्पष्ट शब्दांत म्हणतो. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले. जव्हार आणि मोखाडा अनुसूचित क्षेत्रात येतात. म्हणजे बोहाड्याचे रक्षण कोणी करायचे, याचे उत्तर संसदेने केव्हाच दिले आहे. वस्तूच्या वयाकडे न पाहता तिच्याभोवती जमणाऱ्या माणसांकडे पाहा, असेच ते उत्तर आहे. आपण ते वापरत नाही, इतकेच.

या भूमिकेवर तीन आक्षेप येतात. तिन्ही वजनदार आहेत.

पहिला आक्षेप संग्रहालयांच्या बाजूचा. ते म्हणतात, आम्ही नेले म्हणून वाचले. कसाईच्या दमट हवेत आणि सह्याद्रीच्या पावसात लाकूड किती टिकणार? वाळवी भक्तिभाव बघत नाही. हे खरे आहे. तोर्दायने नेलेल्या राजांच्या लाकडी प्रतिमा आज कुबांच्या इतिहासाच्या अभ्यासाला उपयोगी पडतात, हेही खरे. पण वाचले काय, याचा हिशेब पुरता मांडला पाहिजे. लाकूड वाचले. कुबांचा इतिहास यान व्हान्सिना या बेल्जियन इतिहासकाराने विसाव्या शतकाच्या मध्यात नव्याने उभा केला, तो त्यांच्यात राहून, त्यांच्या तोंडून ऐकून. मौखिक परंपरा हे इतिहासाचे विश्वसनीय साधन असू शकते, हे त्यानेच जगाला पटवून दिले. म्हणजे वस्तू लंडनला असताना तिचा अर्थ न्शेंगलाच होता, आणि तो समजून घ्यायला पुन्हा न्शेंगलाच जावे लागले.

संग्रहालय नकोच, असे माझे म्हणणे नाही. म्हसवडच्या शेजारच्या खटाव तालुक्यात औंधला भवानी संग्रहालय आहे. संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार. त्यांनी १९३८ साली ते उभारले, तेही मुंबई-पुण्यात न उभारता यमाईच्या डोंगरावर. हेन्री मूर या जगप्रसिद्ध शिल्पकाराचे आई-मुलाचे शिल्प तिथे आहे आणि यमाईला आलेला शेतकरी ते पाहून घरी जातो. त्याच राजाने १९३९ साली आपली सत्ता प्रजेच्या हाती देणारी घटना लागू केली. कला लोकांजवळ ठेवणे आणि सत्ता लोकांकडे सोपवणे या दोन गोष्टी एकाच माणसाला लागोपाठ सुचाव्यात, यात मला योगायोग दिसत नाही. वस्तू आपल्या ताब्यात आहे याचा अर्थ आपण तिचे विश्वस्त आहोत, हे ज्याला कळले त्याचे संग्रहालय गावाला परके वाटत नाही.

दुसरा आक्षेप बाजाराचा. जव्हारकडचे कारागीर आता शहरातल्या दिवाणखान्यांसाठी मुखवटे करतात, प्रदर्शनांत विकतात. त्यातून चार पैसे मिळतात. त्यांनी केवळ पवित्रतेसाठी उपाशी राहावे का? अजिबात राहू नये. ज्या भागातून दर हिवाळ्यात माणसे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर स्थलांतर करतात, तिथे घरी बसून मिळणारी कमाई कमी लेखण्याचा अधिकार शहरातल्या कोणाला नाही. कुबा कारागीरही गेली शंभर वर्षे बाहेरच्या गिऱ्हाइकासाठी काम करत आले आहेत. विक्रीसाठी घडवलेला मुखवटा आणि सोंगासाठी पूजलेला मुखवटा यांतला फरक घडवणाऱ्याला पक्का कळतो. तो विकणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही कळावा, एवढेच मागणे आहे. भिंतीवर टांगायला नवा मुखवटा घ्या, घडवणाऱ्याचे नाव मागच्या बाजूला लिहून घ्या आणि भाव करताना हात आखडू नका. नाचलेला मुखवटा मात्र, कोणी अडचणीत सापडून विकायला काढला तरी, घेऊ नका. त्या घराची अडचण दूर करण्याचे दुसरे मार्ग असतात.

तिसरा आक्षेप आपल्याच आतून येतो आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्याला आपण मान म्हणतो, तो सगळ्यांना कुठे होता? गावगाड्यात मानाची पाने जातीने वाटलेली होती. कोणी रथाला हात लावायचा, कोणी वाजवायचे, कोणी दूर उभे राहायचे, हे जन्माने ठरे. बायकांच्या वाट्याला देवाचे लग्न पाहणे आले. देवाला नेणे आले नाही. कुबांचा स्त्रीचा मुखवटाही पुरुषच घालून नाचतो, बोहाड्यातली देवीही बहुतेक ठिकाणी पुरुषच होतो. मग अशा मानाचे गोडवे का गायचे?

गोडवे गायचे नाहीत, वाटणी करायची. आपल्याच घरात याचा एक नमुना आहे. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर गौरी येतात, ज्येष्ठावर जेवतात, मुळावर जातात. ज्या घरांत गौरींचे मुखवटे बसतात, तिथे ते उंबऱ्यातून आत आणणे, नेसवणे, सजवणे, पुन्हा उतरवून वर्षभरासाठी जपून ठेवणे हा सगळा कारभार बायकांचा. सासूकडून सुनेकडे जाणारे हे मुखवटे मालमत्तेच्या कोणत्याही कागदावर नसतात. महाराष्ट्रातल्या लाखो घरांत मुखवट्याची राखणदार स्त्री आहे. तिला देवाचा चेहरा हाताळता येत नाही, असे म्हणण्याला आधार नाही. मात्र याच घरात नवरा गेलेली सून त्या सोहळ्यात मागे सरते, तेव्हा हा कारभारही अर्धाच राहतो.

रीत बदलत नाही म्हणणाऱ्यांना आपला शेजार उत्तर देतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना तसे आवाहन केले. ठराव गावाचा होता, म्हणून त्याला धार होती. खुद्द म्हसवडमध्ये बायकांनी बँक काढायची म्हटली, तेव्हा अर्जावर अंगठे आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. बायका लिहायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. ज्या गावच्या बायकांनी स्वतःच्या सहीचा मान असा मिळवला, त्या गावात यात्रेतला मानही कधी तरी मागितला जाईल. तो दिला तर देवाचे काही कमी होणार नाही. रथाला हात मात्र वाढतील. परंपरा टिकवण्याचे बंधन जितक्या जास्त लोकांवर, तितकी तिची मुळे खोल.

करोनाच्या काळात या सगळ्याची परीक्षा झाली. गावोगावच्या यात्रा भरल्या नाहीत. दुकाने लागली नाहीत, पाळणे आले नाहीत, लाखोंची गर्दी नव्हती. तरी ठिकठिकाणी पुजारी आणि मानकरी यांनी मोजक्या माणसांत विधी पार पाडले. पर्यटन, बाजार, देखावा असे जे काही वरून आलेले होते ते त्या वर्षी गळून पडले. उरली ती ठरलेल्या दिवशी ठरलेले काम करणारी माणसे. मुखवटा कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर त्या वर्षी कोणत्याही चर्चेविना मिळाले.

जगही हळूहळू या उत्तराकडे वळते आहे. फ्रान्सने २०२१ मध्ये आबोमेच्या राजवाड्यातून लुटून नेलेल्या २६ वस्तू बेनिन देशाला परत केल्या. जून २०२२ मध्ये बेल्जियमचा राजा फिलिप किन्शासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेला आणि सुकू लोकांचा काकुंगू हा दीक्षाविधीतला मोठा मुखवटा त्याने काँगोच्या स्वाधीन केला. कागदावर मात्र ती अनिश्चित काळासाठीची उसनवारी होती. ज्यांचा चेहरा, त्यांनाच तो उसना! एवढे अंतर चालून आल्यावरही शेवटचे पाऊल अडखळते, ते का याचा विचार आपणही करायला हवा. कारण आपल्या राज्यातल्या संग्रहालयांतही आदिवासी गावांतून आलेले मुखवटे आहेत, आणि युरोपला विचारलेले प्रश्न मुंबई-पुण्याला विचारले जात नाहीत.

ते आता विचारावेत. राज्यातल्या प्रत्येक संग्रहालयाने आपल्याकडच्या विधीतल्या मुखवट्याखाली गाव, सोंग, घराणे, घडवणारा आणि तो संग्रहात कसा आला, हे लिहावे. माहिती नसेल तर त्या गावी जाऊन विचारावे. विचारायला अजून माणसे हयात आहेत. त्या नोंदीची आणि छायाचित्रांची प्रत ग्रामसभेला द्यावी. गावाने उत्सवासाठी मुखवटा मागितला तर तो द्यावा, आणि कायमचा मागितला तर नकाराचे कारण लेखी द्यावे. ग्रामसभांनी सामूहिक वनहक्काच्या आराखड्यात मुखवट्याच्या लाकडासाठी चार झाडे राखावीत, लावावीत, म्हणजे लाकूड की लगदा ही निवड गावाची राहील, नाइलाज राहणार नाही. सांस्कृतिक खात्याचे पैसे शहरातल्या महोत्सवात दहा मिनिटे नाचवण्यापेक्षा गावच्या त्या रात्रीसाठी खर्च व्हावेत: वाजंत्र्यांचे मानधन, नव्या मुलांना शिकवणाऱ्या जुन्या हातांचे मानधन, परगावी कामाला असलेल्या सोंगकऱ्याचा येण्याजाण्याचा खर्च.

वाचकांनाही एक विनंती आहे. तुमच्या घरी टाक असतील, गौरीचे मुखवटे असतील, गावच्या पालखीत किंवा रथात तुमच्या घराचा काही मान असेल, तर यंदा घरातल्या थोरांपाशी बसा. हे कोणी घडवले, आपल्याकडे कसे आले, त्या दिवशी काय करायचे असते, हे विचारून लिहून ठेवा. घरातल्या मुलीलाही ते शिकवा. आजवर ज्यांना लांब ठेवले त्यांना पुढे बोलवा. मुखवटा जुना आहे म्हणून आपला ठरत नाही, पिढ्यान्‌पिढ्या कपाटात आहे म्हणूनही ठरत नाही. पुढच्या वर्षी तो उचलायला जो तयार आहे, मुखवटा त्याचा.